पुढच्या चाकातली ठकठक: आवाज कधी येतो ते आधी ऐका

पेठेतल्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीतून गाडी सावकाश नेली की पुढून टकटक येते, पण रुंद स्पीडब्रेकरवरून सरळ नेली की तीच गाडी गप्प. असं असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा.

पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार वळणावर गाडी फार कलू देत नाही. त्याची टोकं लिंक रॉडने सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर बार आपल्या बुशमध्ये (रबरी पकडीत) नुसता फिरतो, लिंकवर ताण येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळला जातो आणि लिंकच्या झिजलेल्या बॉल जॉइंटमध्ये धातूवर धातू आपटतो. उलट, दोन्ही चाकं एकदम चढतानाही ठक्क वाजत असेल तर शॉकअब्सॉर्बर, त्याचं वरचं माउंटिंग आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश पाहावेत.

पण त्याआधी चाकांचे नट तपासा. ते ढिले असतील तर गाडी पुढे नेऊच नका. डिकीतला जॅक आणि पाना बाहेर काढा. पुष्कळदा तेच वाजत असतात. मग एसी बंद, काचा खाली, वेग ताशी 10 ते 15 किलोमीटर. भिंतीच्या कडेने गेलं तर आवाज परतून येतो आणि बाजू कळते. ब्रेक हलका दाबल्यावर टकटक थांबली तर कॅलिपरच्या पिना किंवा पॅड ढिले आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरताना चाकाच्या लयीत कटकट आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. फाटलेल्या रबरी बूटमधून ग्रीस उडालेलं दिसेलच.

गॅरेजमध्ये एक चूक वारंवार होते. एकच चाक जॅकवर उचलून लिंक रॉड हलवतात आणि ‘चांगला आहे’ म्हणतात. एक चाक लोंबकळत असताना बार पिळलेला असतो, लिंक ताणलेली, म्हणून प्ले (ढिलेपणा) लपतो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून हलवा.

चाकाचा प्ले मात्र उचलूनच पाहायचा, गाडी जॅक स्टँडवर टेकवून. चाक वर-खाली धरून हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलत असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड.

पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून लिंक रॉड आणताना जोडीच आणा. एक झिजला तेव्हा दुसराही तेवढाच धावलेला असतो. यासाठी अलाइनमेंट लागत नाही, टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलला तर करावंच लागतं. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. लोंबकळत्या चाकावर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

लिंक रॉड चार दिवस थांबू शकतो. लोअर आर्मचा ढिला बॉल जॉइंट निसटला तर चाकच दुमडतं, तेव्हा तशी गाडी कात्रज घाटात नेऊ नका.