गाणं अर्ध्यावर का थांबतं?

मुंबईत मानखुर्दच्या एखाद्या गल्लीतली अंगणवाडी सकाळी अकराच्या सुमारास पाहावी. जेमतेम दहा बाय बाराची खोली. बाई बडबडगीत सुरू करतात, तेवढ्यात टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं न्यायला एक आई दारात येते. मग कुणाचं तरी वजन घ्यायचं असतं, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी भरायची राहिलेली असते. गाणं अर्ध्यावरच राहतं. घरी भोजपुरी बोलणारी, दखनी बोलणारी, मराठी बोलणारी मुलं एकमेकांकडे बघत बसतात.

बालशिक्षणावरचं कुठलंही संशोधन वाचताना मी ही खोली डोळ्यांपुढे ठेवते.

दिल्लीत ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेच्या बालवाड्यांमध्ये झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. २१४ बालवाड्या, १५४० मुलं, सरासरी वय पाच वर्षांच्या आत. कोणत्या बालवाडीत खेळ घ्यायचे, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. ठिपक्यांच्या कुठल्या पुंजक्यात जास्त ठिपके आहेत, हे न मोजता ओळखायचं. आकारांमधला वेगळा आकार शोधायचा. चार महिने हे खेळ खेळल्यावर मुलांची अंदाजाची समज चांगलीच वाढली आणि पुढेही टिकली. अंकओळखही लगेच सुधारलेली दिसली. पण पहिलीत गेल्यावर शाळेतलं गणित शिकताना मात्र ही मुलं इतरांच्या पुढे नव्हती.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. सात गोट्यांचा ढीग, ‘सात’ हा शब्द आणि पाटीवरचं ‘७’ या मुलासाठी तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्यांची सांगड घालून द्यावी लागते, आणि कोणत्या मुलाची ती कुठे निसटते हे रोज त्याच्यासोबत बसणाऱ्या बाईंना दिसतं. खेळ आखतानाच त्या सोबत असायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

पण बाईंना वेळ कुठून मिळणार? तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांच्या अभ्यासात याचं सरळ उत्तर मिळालं. काही केंद्रांत फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा सेविका दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. आधीच्या सेविकेला आहाराकडे लक्ष देता आल्यामुळे कुपोषणही घटलं.

आपल्याकडे ताराबाई मोडक संशोधक आणि शिक्षिका दोन्ही होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी खडे, शिंपले, बिया वापरल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ पासून देशभर पसरलेल्या सरकारी योजनेच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं.

देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या गल्ल्यांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीने आठवडाभर बाईंशेजारी बसून नोंद ठेवावी: गाणं किती वेळा थांबलं आणि कशामुळे. मग ती वही बाईंसमोर ठेवून विचारावं, यातलं आधी काय बदलूया?