वैद्यकीय संज्ञा

वैद्यकीय संज्ञा : रोग, अवयव, तपासण्या आणि उपचार यांना डॉक्टरांच्या व्यवहारात असलेली ठरीव नावे. बहुतेक ग्रीक व लॅटिन धातूंवरून बनली आणि इंग्रजीमार्फत मराठीत आली. काहींना संस्कृतवरून प्रतिशब्द घडवले गेले, तर गोवर, कावीळ, नागीण, डांग्या खोकला ही नावे मराठीत आधीपासून रुळलेली. अवघड शब्द कानावर पडला की माणूस त्याचा अर्थ विचारून घेतो. घोटाळा होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत, म्हणून या नोंदीत त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

लांबलचक संज्ञा बहुधा जोडकामाच्या असतात. शेवटी ‘-आयटिस’ आले की दाह समजावा : टॉन्सिलायटिस (टॉन्सिलचा), हिपॅटायटिस (यकृताचा), आर्थ्रायटिस (सांध्यांचा). लाली, सूज, हाताला गरम लागणे आणि दुखणे ही दाहाची चार चिन्हे पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवली. दाह म्हटला की जंतू असलेच पाहिजेत असे नाही; आर्थ्रायटिसच्या बहुतेक प्रकारांत ते नसतात. ‘-एक्टमी’ म्हणजे अवयव काढून टाकणे, ‘-ओटमी’ म्हणजे छेद घेणे आणि ‘-ओस्टमी’ म्हणजे शरीराला कृत्रिम तोंड पाडून ठेवणे. शेवटच्या दोघींत एका ‘स’चा फरक आहे. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ तर घाईत एकसारखेच ऐकू येतात, आणि अर्थ मात्र नेमके उलटे : पहिला जास्तीचा, दुसरा कमीचा.

‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य इथेच तपासून घ्यावे. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी; ती सगळ्यांनाच असते. तिचा स्राव वाढला आहे की घटला आहे, हा खरा प्रश्न, कारण दोन्हींची औषधे वेगळी. ‘बीपी आहे’, ‘शुगर निघाली’ ही बोलणीही त्याच जातीची. रक्तदाब नसलेला जिवंत माणूस नाही. १२०/८० मधला वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा, आणि दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेले. दवाखान्यातल्या मोजणीत हे आकडे वारंवार १४०/९० किंवा त्याहून वर राहिले की सामान्यपणे त्याला हायपरटेन्शन म्हणतात. मराठीत ‘टेन्शन’ म्हणजे मनावरचा ताण, त्यामुळे ‘मला कसलंच टेन्शन नाही, मग हे कसं?’ असा प्रश्न हमखास येतो. संज्ञेतले टेन्शन रक्तवाहिन्यांतल्या दाबाचे आहे. अगदी शांत स्वभावाच्या माणसालाही हा विकार होतो.

सर्वांत जास्त गल्लत हृदयाच्या बाबतीत होते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी, बहुधा गुठळीने, बंद पडणे आणि तेवढ्या भागातला स्नायू मरू लागणे. रोगी अनेकदा शुद्धीवर असतो, बोलतही असतो. कार्डिअॅक अरेस्टमध्ये हृदयाचे रक्त ढकलणेच थांबते; माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावे लागते. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. तिसरा शब्द हार्ट फेल्युअर. बोलीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. वैद्यकात मात्र हृदय शरीराच्या गरजेला पुरे पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. धाप लागते, पायांवर सूज येते, आणि औषधांवर पुष्कळजण वर्षानुवर्षे जगतात.

एकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ असे छापून येते आणि घरचे हबकतात, की हृदयाचे ४० टक्के गेले! डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीराला रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडते, त्याचे ते प्रमाण. निरोगी हृदयातही ते साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असते; शंभर कोणाचेच नसते.

‘अॅक्यूट’ला कोशात ‘तीव्र’ हा प्रतिशब्द मिळतो आणि तो फसवतो. अॅक्यूट म्हणजे एकाएकी उद्भवलेले, थोड्या काळाचे. साधी सर्दीही अॅक्यूटच. ‘क्रॉनिक’ ग्रीक ‘ख्रोनोस’वरून, म्हणजे काळावरून, आला. त्यासाठी ‘जुनाट’ हा मराठी शब्द चपखल आहे, आणि आजार किती गंभीर हे तो सांगत नाही. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे जे शोधत होतो ते सापडले, मग ते नको असलेले का असेना. ‘बिनाइन’ गाठ कर्करोगाची नसते. तरी ती मेंदूत वाढली तर जागेअभावी दाब पडून जिवावर बेतू शकते. ‘इडिओपॅथिक’ हा भारदस्त शब्द मात्र कारण सापडले नाही एवढेच सांगतो.

‘निदान’ची गोष्ट आपल्या घरातली. आयुर्वेदात निदान हे प्रथम रोगाचे कारण. आधुनिक वैद्यकात रोग ओळखणे. आणि रोजच्या मराठीत ‘निदान पाणी तरी पी’ म्हणताना ‘किमान’. रोगी सांगतो ते लक्षण, डॉक्टर पाहून-तपासून काढतो ते चिन्ह, हा भेदही मराठीत पुसट झाला आहे. एकत्र आढळणाऱ्या लक्षण-चिन्हांचा समूह म्हणजे सिंड्रोम, त्याला संलक्षण म्हणतात.

डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठीवरची अक्षरे लॅटिन शब्दांचे संक्षेप आहेत. ‘बीडी’ दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ गरज पडली तरच. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तीच दोन अक्षरे ‘उजवा डोळा’ सांगतात. अशा संक्षेपांऐवजी पूर्ण शब्द लिहिणे केव्हाही बरे.

कारणाची समजूत बदलली तरी नाव टिकते. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. डासाच्या शरीरात या रोगाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये दिसला, हवा निर्दोष ठरली, नाव राहिले. ‘हिवताप’ हा शब्द कारणाच्या भानगडीत न पडता हुडहुडीवर बेतलेला, त्यामुळे तो खोटा पडला नाही. नव्या रोगांना माणसांची, गावांची किंवा प्राण्यांची नावे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले. जुन्या नावांना ते लागू नाही.