बहात्तरने भागताना

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ११.२३ मीटर. १/७२ स्केलचं मॉडेल करायचं तर या आकड्याला ७२ने भागायचं. उत्तर १५.६ सेंटीमीटर, म्हणजे दोन तळहातांवर मावेल एवढं विमान. आता वजनालाही ७२ने भागून बघा. सुरुवातीचं स्पिटफायर उड्डाणाच्या तयारीत साधारण २,७०० किलो भरायचं. भागाकार साडेसदतीस किलो. कुठलं कपाट हे पेलेल?

लांबी ७२ने भागली की क्षेत्रफळ ५,१८४ने भागलं जातं आणि घनफळ ३,७३,२४८ने. वजन घनफळाच्या मागे जातं, म्हणून खरं उत्तर सव्वासात ग्रॅम. मॉडेल करणाऱ्याची सगळी कसरत या भागाकारात आहे. काही गोष्टी ७२ने भागल्या जातात, काही त्याहून कितीतरी जास्त, आणि काही अजिबात भागल्या जात नाहीत. प्रकाश, रंगाचा थेंब, प्लॅस्टिकचे रेणू यांना आपलं स्केल ठाऊक नसतं.

मुळात ७२च का? कारण या स्केलमध्ये सहा फूट म्हणजे एक इंच, आणि उंचापुरा वैमानिक बरोबर इंचभर होतो. दुसऱ्या महायुद्धात तर हे माप कामालाच जुंपलं गेलं. १९४२मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांना पाच लाख मॉडेलं करून द्यायचं आवाहन केलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे नुसत्या आकृतीवरून ओळखायला सैनिकांना त्यावर शिकवत. दहा मीटरवर धरलेलं मॉडेल ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं.

आजचं किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांचा संच, पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचं असतं. वितळलेलं प्लॅस्टिक प्रचंड दाबाने पोलादी साच्यात शिरतं आणि थिजायच्या आत त्याला कानाकोपऱ्यात पोचावं लागतं. त्यासाठी वाट रुंद हवी, म्हणून भिंती साधारण एक मिलिमीटर जाड ठेवतात. खऱ्या विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्राही जवळपास तेवढाच जाड! म्हणजे जाडी भागलीच गेली नाही. मॉडेलचा पत्रा खऱ्या मापात सात सेंटीमीटरचा झाला, रणगाड्याला शोभेल असा. म्हणूनच अनुभवी माणूस पंखाची मागची कड आतून पॉलिशपेपरने घासून पातळ करतो. एवढी एक गोष्ट केली तरी मॉडेलचा खेळणेपणा निम्मा जातो, असं माझं मत आहे.

सांधे जोडायला जे पातळ सिमेंट वापरतात, त्याला खरं तर गोंद म्हणू नये. ते द्रावक आहे. दोन भाग एकमेकांना टेकवून ब्रशचं टोक फटीला लावलं की केशाकर्षणाने ते स्वतःच आत धावतं आणि दोन्हीकडचं प्लॅस्टिक मऊ करतं. पॉलिस्टायरीनच्या लांबलचक साखळ्या सुट्या होऊन एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातं आणि मागे सलग प्लॅस्टिक उरतं. हे वेल्डिंगच झालं. सुपरग्लूची तऱ्हा वेगळी, तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. मी एकदा कॉकपिटवरची पारदर्शक काच त्याने चिकटवली आणि सकाळी पाहतो तर आतून पांढरं धुकं. काचेवर माझं बोट लागलं होतं तिथे तर ठसा छान उमटलेला. ग्लूची वाफ बोटांच्या ठशांवर बसून पांढरी होते. पोलीस गुन्ह्याच्या जागचे ठसे उठवायला हीच युक्ती वापरतात, हे मला नंतर कळलं.

नाकाखाली चाक असलेल्या विमानांची, म्हणजे मिग-१५ किंवा मेसरश्मिट २६२ यांची, आणखी एक खोड असते. मॉडेल शेपटीवर बसतं. खऱ्या विमानात बंदुकांसारखं जड सामान पुढे असतं, मॉडेल मात्र पोकळ. मग नाकात शिसं भरायचं. पण ते पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नका. त्यातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाने शिशाचं हळूहळू कार्बोनेट बनतं, ते जास्त जागा घेतं आणि काही वर्षांनी नाक उलतं.

रंगाकडे आलं की भागाकार आणखी अवघड होतो. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने, मारलेला एक हात सुमारे तीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धरा. खऱ्या मापात तो दोन मिलिमीटरचा थर झाला. प्रायमर, रंग, वर वार्निश असं करत गेलं की पत्र्यांच्या जोडरेषा बुजू लागतात. म्हणून रंग पातळ करून, पंधरा-वीस पीएसआयच्या (दर चौरस इंचावर तितक्या पौंडांच्या) हलक्या दाबाने, अनेक झिरझिरीत हात द्यायचे. पण थेंब जेवढा बारीक, तेवढा तो लवकर सुकतो. व्यास निम्मा झाला की सुकायचा वेळ एक चतुर्थांशावर येतो. ब्रश लांब धरला तर थेंब वाटेतच सुकून धूळ बनतो आणि पंख पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो. ब्रश जवळ आणावा तर रंग ओघळतो.

आता रंगाची छटा. मॉडेलवाल्यांमध्ये एक जुना दंडक आहे: खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा वापरू नये, त्यात थोडा पांढरा मिसळावा. कारण असं सांगतात, की मॉडेल आपण ‘लांबून’ बघत असतो आणि मधल्या हवेमुळे लांबच्या गोष्टी फिक्या दिसतात. डोंगर दुरून निळसर-फिके दिसतात, तसंच. ऐकायला पटतं, पण हिशेब करून पाहू. अर्ध्या मीटरवरून पाहिलेलं १/७२ मॉडेल म्हणजे ३६ मीटरवरचं विमान. वीस किलोमीटरपर्यंतचं दिसेल अशा स्वच्छ हवेत ३६ मीटरमध्ये काळ्या-पांढऱ्यातला फरक जेमतेम पाऊण टक्क्याने कमी होतो. डोळ्याला पत्ताही लागणार नाही.

तरीही न उजळलेलं मॉडेल काळवंडलेलं दिसतं, हे मात्र खरं. माझ्या मते दोष हवेचा नाही, दिव्याचा आणि डोळ्याचा आहे. धावपट्टीवर भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरातल्या टेबलावर काहीशे. डोळा जुळवून घेतो, पण पुरता नाही. उजेड कमी झाला की रंगांचा जोम कमी वाटतो. रंगविज्ञानात याला हंट परिणाम म्हणतात. शिवाय तोच रंग मोठ्या पृष्ठभागावर जास्त उजळ भासतो. रंगाच्या कार्डावरून निवडलेली छटा भिंतीवर लावल्यावर जो धक्का बसतो, तो हाच. त्यात खरी विमानं उन्हाने विटलेली असत. तेव्हा पांढरा जरूर मिसळा, फक्त डोंगरांचा दाखला देऊ नका.

निशाण्या आणि क्रमांक उमटवायच्या डेकलचंही दुखणं प्रकाशाचंच. पाण्यात भिजवलेली ती पातळ फिल्म मॅट रंगावर सरकवली, की रंगाच्या सूक्ष्म खड्ड्यांवर ताणून बसते आणि खाली हवा अडकते. प्रत्येक फिल्म-हवा सीमेवरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो. अशा असंख्य सीमांची बेरीज चंदेरी डागासारखी दिसते. काचेचा चुरा पांढरा दिसतो तो याच न्यायाने. म्हणून आधी ग्लॉस वार्निशने खड्डे भरायचे, मग डेकल, आणि शेवटी मॅट. मॅट वार्निशमध्ये सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण असतात, म्हणजे घालवलेले खड्डे आपण परत आणतो, फक्त डेकलच्या वर.

जून १९४४मध्ये नॉर्मंडीवरच्या चढाईआधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढले होते. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, म्हणजे आपल्या स्केलमध्ये बरोबर पाव इंच. खऱ्या विमानांवर ते घाईघाईत हाताने रंगवले गेले, आणि छायाचित्रांत कडा वेड्यावाकड्या दिसतात. मॉडेलवर मात्र मास्किंग टेपने ते धारदार येतात आणि तिथेच खोटे पडतात. मग टेप न लावता ब्रशने ओढावेत? करून पाहिलं. माझ्या हाताचा अर्ध्या मिलिमीटरचा कंप खऱ्या विमानावर साडेतीन सेंटीमीटरचा होतो. तिथल्या मेकॅनिकचा हात घाईतही इतका हलला नसावा. शेवटी भिंग लावून टेपच सुरीने केसभर वाकडी कापली. त्या पाच पट्ट्यांत एक अख्खी संध्याकाळ गेली.