‘द स्नोमॅन’ची भट्टी का जमली नाही?

ऑक्टोबर 2017 मध्ये यू नेस्बो या नॉर्वेच्या लेखकाच्या गुन्हेकादंबरीवरचा ‘द स्नोमॅन’ हा चित्रपट झळकला, तेव्हा श्रेयनामावली वाचून तरी तो आपटेल असं कुणालाही वाटलं नसतं. नायक मायकेल फासबेंडर, सोबत रेबेका फर्ग्युसन, शार्लोट गेन्सबर्ग, जे. के. सिमन्स, व्हॅल किल्मर. दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन आणि कार्यकारी निर्मात्यांत मार्टिन स्कोर्सेसी. समीक्षकांनी तो झोडपून काढला. खर्च सुमारे 3.5 कोटी डॉलर आणि जगभरचा गल्ला जेमतेम 4.3 कोटी, म्हणजे थिएटरवाल्यांचा वाटा वजा केल्यावर घाट्याचाच सौदा. खापर नटांवर फुटलं, पटकथेवर फुटलं. माझ्या मते मूळ दुखणं चित्रीकरणाच्या वेळापत्रकात होतं.

उत्तर युरोपातल्या गुन्हेकथांची आजची परंपरा 1965 ते 1975 या काळात स्वीडनमध्ये रुजली. माय श्योवाल आणि पेर वालो या जोडीने दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि खुनाच्या तपासाआडून कल्याणकारी राज्याची झाडाझडती घेतली. पुढे हेनिंग मँकेल आले, मग स्टीग लार्सनची त्रयी जगभर खपली. या लाटेत नॉर्वेचं नाव सर्वांत मोठं केलं ते यू नेस्बोने. हा गडी तरुणपणी मोल्डे संघाकडून फुटबॉल खेळायचा. गुडघा गेला, शेअर दलाली केली, बँडमध्ये गाणी म्हटली आणि 1997 मध्ये हॅरी हूले या दारूच्या विळख्यात अडकलेल्या पोलीस अधिकाऱ्याची पहिली कादंबरी लिहिली.

‘स्नोमॅन’ ही मालिकेतली सातवी, 2007 ची. तिची सुरुवात विसरता येत नाही. 1980 चा नोव्हेंबर, पहिला बर्फ. आई मुलाला गाडीत बसवून एका घरात प्रियकराला भेटायला जाते. परत येते तेव्हा मुलगा घाबरलेला असतो, कारण त्याने बर्फाचा माणूस पाहिलाय. ‘आपण मरणार’ एवढंच तो म्हणतो. मारहाण नाही, रक्त नाही, तरी पुढची साडेचारशे पानं ती भीती पाठ सोडत नाही. चित्रपटाने हा प्रसंग बदलून टाकला. तिथे एका एकाकी घरात आलेला पोलीस मुलाला इतिहासाचे प्रश्न विचारतो, उत्तर चुकलं की आईला मारतो. शेवटी आई गोठलेल्या तळ्यात गाडीसकट बुडते. खुनी असा का झाला, हे पाच मिनिटांत सांगून मोकळं व्हायची ही घाई.

नेस्बोने हॅरीचे चित्रपट हक्क बरीच वर्षं कुणाला दिले नव्हते. अखेर ‘वर्किंग टायटल’ या ब्रिटिश कंपनीला दिले. दिग्दर्शक म्हणून 2011 पासून स्कोर्सेसीचं नाव घेतलं जात होतं. तो बाजूला झाल्यावर आल्फ्रेडसन आला. याच कंपनीसाठी त्याने ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ हा गुंतागुंतीचा हेरपट लीलया पेलला होता, त्यामुळे निवड चुकीची म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षं रखडलेल्या प्रकल्पाला पैसे मात्र अचानक मिळाले आणि 2016 च्या हिवाळ्यात ओस्लो, बर्गन, र्युकान इथे धावतपळत चित्रीकरण उरकलं गेलं.

प्रदर्शनाच्या सुमारास आल्फ्रेडसननेच नॉर्वेच्या सरकारी प्रसारणसंस्थेला सांगून टाकलं की नॉर्वेतला वेळ फारच अपुरा होता आणि पटकथेचा 10 ते 15 टक्के भाग चित्रित झालाच नाही. संकलनाला बसल्यावर कळलं, मधले तुकडेच नाहीत. प्रेमकथेतून तेवढा भाग गेला तर कदाचित खपून जाईल. गुन्हेकथेत तो गेला की धागेदोरेच तुटतात. स्कोर्सेसीची नेहमीची संकलक थेल्मा शूनमेकर मदतीला आली, पण न घेतलेली दृश्यं ती तरी कुठून आणणार?

हे सर्वांत ढळढळीत दिसतं ते किल्मरच्या भागात. त्याचा राफ्टो हा बर्गनचा पोलीस. जुन्या तपासाचे त्याचे तुकडे मध्येच येतात आणि चालू कथेला न चिकटता निघून जातात. किल्मर तेव्हा घशाच्या कर्करोगातून जात होता, म्हणून आवाज दुसऱ्याचा वापरला. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, कॅमेरा चेहरा चुकवत राहतो. सिमन्सचा उद्योगपतीही तसाच. ओस्लोला हिवाळी क्रीडास्पर्धा मिळवून देण्याची त्याची एवढी मोठी खटपट दाखवली, ती कुठेच पोचत नाही.

गोष्ट पडद्यावर येण्यासारखीच नव्हती म्हणावं, तर 2011 चा ‘हेडहंटर्स’ आडवा येतो. तोही नेस्बोच्याच कादंबरीवरचा, पण नॉर्वेजियन भाषेत, नॉर्वेजियन दिग्दर्शक मोर्टेन टिल्डमचा, आणि चांगलाच चाललेला. फरक असा, की ती कथा स्वतंत्र होती. ‘स्नोमॅन’मध्ये हॅरी आणि राकेल यांचं तुटलेलं नातं, तिचा मुलगा ओलेग, हे सगळं आधीच्या पुस्तकांतून साठत आलेलं, चित्रपट पाहणाऱ्याला ते आयतं ठाऊक आहे असं धरून चाललंय.

हॅरीवरचे पुढचे इंग्रजी चित्रपट तिथेच बारगळले. 2024 मध्ये नेटफ्लिक्सने त्याच्यावर मालिका जाहीर केली. ती नॉर्वेजियन भाषेत, लेखन खुद्द नेस्बोचं, हॅरीच्या भूमिकेत तोबियास सांतेलमान. आधाराला मात्र ‘स्नोमॅन’ नाही, पाचवं पुस्तक घेतलं आहे.