कादंब नियंत्रण व अहवालसक्ती (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्या कादंबांची संख्या बेसुमार वाढली आहे, त्यांची अंडी निकामी करणाऱ्या किंवा पक्षी मारणाऱ्या जमीनमालकांना, विमानतळांना आणि राज्यांना त्याचा हिशेब दरवर्षी केंद्र सरकारच्या मत्स्य व वन्यजीव सेवेला द्यावा लागतो. या बंधनाला येथे अहवालसक्ती म्हटले आहे. सामान्य बोलीत ज्याला हंस म्हणतात, पण जो राजहंसाहून वेगळा आणि आखूड मानेचा असतो, तो पक्षी म्हणजे कादंब. हिवाळ्यात उजनी, जायकवाडी या जलाशयांवर उतरणारा पट्टकादंब त्याच्याच नात्यातला आहे.

या सक्तीचे मूळ संरक्षणाच्या कायद्यात आहे. अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटन यांच्यात १९१६ मध्ये झालेला करार अमलात आणण्यासाठी १९१८ मध्ये स्थलांतरित पक्षी करार अधिनियम संमत झाला. त्यानुसार संरक्षित पक्ष्याला मारणेच नव्हे, तर परवानगीवाचून त्याची अंडी काढून घेणे हाही गुन्हा ठरतो. पुढे यांपैकी काही पक्षीच डोईजड झाले, तेव्हा कायदा शाबूत ठेवून सवलत कशी द्यावी, असा प्रश्न उभा राहिला.

कॅनडा कादंब या जातीच्या बाबतीत हा प्रश्न बराचसा माणसानेच ओढवून घेतलेला होता. शिकारी पूर्वी पाळीव कादंब आमिष म्हणून तळ्यावर सोडत. १९३५ मध्ये जिवंत आमिषावर बंदी आल्यावर अशा कळपांतील अनेक पक्षी मोकळे सुटले. नामशेष मानली गेलेली या पक्ष्याची सर्वांत थोराड उपजाती १९६२ मध्ये मिनेसोटातील रॉचेस्टर येथे पुन्हा आढळली आणि राज्याराज्यांत ती हौसेने वाढवून सोडण्यात आली. कापलेली हिरवळ, शेजारी तळे, बंदुकीला मज्जाव आणि शत्रू जवळजवळ नाहीत, अशी उद्याने व गोल्फची मैदाने मिळाल्यावर या पक्ष्यांना उत्तरेकडे जाण्याचे कारणच उरले नाही. अलास्का व हवाई वगळता उरलेल्या ४८ राज्यांत मार्च ते जून या काळात घरटे करणारा किंवा एप्रिल ते ऑगस्टमध्ये तेथे राहणारा कॅनडा कादंब नियमांच्या भाषेत ‘निवासी’ ठरतो. म्हणजे पक्ष्याची ओळख येथे पिसांवरून नव्हे, दिनदर्शिकेवरून पटते.

२००६ पर्यंत या निवासी पक्ष्यांविरुद्ध काही करायचे तर प्रत्येकाला स्वतंत्र परवाना काढावा लागे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी ही पद्धत बरीच सैल केली: परवान्याऐवजी सरसकट आदेश निघाले आणि आधी घ्यावयाच्या परवानगीची जागा मुख्यतः नंतर द्यावयाच्या अहवालाने घेतली. अहवाल ही म्हणूनच निव्वळ कारकुनी बाब नाही. सवलतीमुळे पक्ष्यांची संख्या धोक्याच्या पातळीखाली जात नाही ना, हे पाहण्याचे सरकारजवळचे ते एक प्रमुख साधन आहे, आणि संख्या तशी घटल्यास आदेश स्थगित करता येतो.

सर्वसामान्य माणसाचा संबंध येतो तो घरटी व अंडी यांविषयीच्या आदेशाशी. जमीनमालक, रहिवाशांची संघटना किंवा स्थानिक संस्था यांनी १ जानेवारी ते ३० जून या काळात दरवर्षी नव्याने ऑनलाइन नोंदणी करायची असते. त्यानंतर अंड्यांना मक्याचे तेल चोपडणे, ती हलवून निकामी करणे किंवा घरटे मोडणे यांपैकी काहीही करता येते. तेलाने कवचाची छिद्रे बुजतात व गर्भ वाढत नाही, पण मादी अंड्यांवर बसून राहते. घरटेच मोडले तर ती दुसरे घालण्याची शक्यता असते, म्हणून तेलाचा उपाय पसंत केला जातो. कोणत्या महिन्यात, कोठे, किती घरटी हाताळली याचा अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो. एकाही घरट्याला हात लावला नसला तरी ‘शून्य’ कळवणे बंधनकारक आहे.

विमानतळ, शेती आणि सार्वजनिक आरोग्य यांसाठी वेगळे आदेश असून त्यांत ठरावीक महिन्यांत प्रौढ पक्षी पकडण्या-मारण्याचीही मुभा आहे. यांतील विमानतळाची बाब सर्वांना पटकन समजते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत १५५ जणांसह उतरवावे लागलेले विमान कॅनडा कादंबांच्या थव्यावरच आदळले होते. पिसांच्या तपासणीत मात्र ते पक्षी निवासी नसून स्थलांतरित निघाले, म्हणजे २००६ चे आदेश ज्यांना लागू होतात त्यांतले नव्हतेच.

हिमकादंब व रॉस कादंब या पांढऱ्या कादंबांचे प्रकरण उलट्या टोकाचे आहे. दक्षिणेच्या शेतांत सांडलेल्या धान्यावर पोसलेले हे पक्षी उन्हाळ्यात उत्तरेला कॅनडातील हडसन उपसागराच्या काठी मुळांसकट गवत उपटून खातात. उघडी पडलेली माती खारट होते आणि तेथे पुन्हा काही उगवणे कठीण जाते. खंडाच्या मध्यभागातील त्यांची संख्या १९६९ मध्ये सुमारे ८ लाख होती, ती तीस वर्षांत सुमारे ३० लाखांवर गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये काढलेले नियम न्यायालयीन वादामुळे मागे घ्यावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संसदेने खास कायदा करून ते पुन्हा लागू केले. या ‘संवर्धन आदेशा’खाली इतर पाणपक्ष्यांचा हंगाम बंद असताना पक्ष्यांना भुलवण्यासाठी त्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे, तीनपेक्षा जास्त काडतुसे भरणे आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करणे चालते. अहवाल येथे शिकारी नव्हे, राज्य सरकार देते आणि त्यासाठी शिकाऱ्यांची पाहणी करते. त्याचे रकानेही या सवलतींवरच बेतलेले आहेत: किती जण किती दिवस शिकारीला गेले, किती पक्षी मारले, किती जखमी होऊन हाती लागले नाहीत, मुद्रित आवाजामुळे किती मिळाले, आणि चौथ्या, पाचव्या व सहाव्या काडतुसाने किती पडले. शेवटचा आकडा कोणता शिकारी बिनचूक सांगू शकेल, ही शंका रास्त आहे. पण कोणत्या सवलतीचा प्रत्यक्षात उपयोग होतो, हे जोखण्याचा थेट मार्ग तोच आहे.

ही माहिती मागण्यावर सरकारलाही बंधन आहे. कागदपत्र-कपात अधिनियमानुसार प्रत्येक अर्जनमुन्यास केंद्र सरकारच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाचा चालू नियंत्रण क्रमांक लागतो. तो साधारणपणे दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो आणि त्यासाठी आधी ६० व नंतर ३० दिवसांची सूचना काढून लोकांच्या हरकती मागवल्या जातात. त्या सूचनेत अर्ज भरण्यास लागणाऱ्या एकूण तासांचा अंदाजही द्यावा लागतो. वैध क्रमांक नसलेला अर्ज भरला नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही.