टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला नव्हे

थायरॉक्सिन या संप्रेरकाची ओळख बहुतेकांना असते. गळ्याच्या पुढच्या भागातील थायरॉइड ग्रंथी ते स्रवते आणि चयापचयाचा वेग त्यावर ठरतो. कमी पडले की थकवा, बद्धकोष्ठता, थंडी न सोसणे, आणि अति झाले की धडधड, घाम, वजनात घट.

खरा घोळ होतो तो टीएसएचपाशी (थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन). चिपळूण असो वा सावंतवाडी, रिपोर्टवर टीएसएच ११ दिसला आणि शेजारी 'एच' (म्हणजे 'हाय', जास्त) छापलेले असले, की घरातले कोणीतरी निदान करून मोकळे होते, "हिचा थायरॉइड वाढलाय." प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो कमी पडलेला असतो. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते सोडते, आणि थायरॉइडला काम करायला लावणे एवढेच त्याचे काम. रक्तातले थायरॉक्सिन घटले की टीएसएच चढते, जास्त झाले की उतरते. होडीवर खलाशी ढिले पडले की त्यांचा म्होरक्या तांडेल ओरडू लागतो; त्याचा आवाज चढला म्हणून जाळ्यात मासळी भरपूर आली, असे बंदरावर कोणी म्हणणार नाही.

हा घोळ नुसत्या बोलण्यापुरता राहिला असता तर चालले असते. पण डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली, की "आधीच वाढलाय, त्यात आणखी कशाला?" म्हणून ती परस्पर अर्धी मोडली जाते, आणि पुढच्या तपासणीत टीएसएच आणखी चढलेला निघतो. पंधरा दिवसांत पुन्हा रक्त देणेही व्यर्थच, कारण थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्य (प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ) सुमारे ७ दिवस असते आणि नव्या मात्रेवर टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात. गोळी मात्र उपाशीपोटी, पाण्याबरोबरच घ्यावी. सकाळच्या चहाबरोबर नव्हे.

"आम्ही रोज मासळी खातो, आम्हाला कसला थायरॉइड?" हा किनाऱ्यावरचा लाडका युक्तिवादही सोडावा. मासळीतून आयोडीन मिळते हे खरे. परंतु १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो यांनी वर्णिलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते, आणि तिथे आयोडीन भरपूर असून उपयोग नसतो.

पीयूषिकाच आजारी असेल तर मात्र थायरॉक्सिन घटूनही टीएसएच चढत नाही, आणि अशा वेळी फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) पाहिल्यावाचून दोष सापडत नाही.