रेंज सड्यावर, शाळा फोनमध्ये

कोरोनामुळे वर्ग बंद, म्हणून 15 जून 2020 पासून महाराष्ट्रात ऑनलाइन शाळा सुरू करायचं ठरलं. त्याआधी बाराच दिवस, 3 जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल टॉवर मुके झाले. फोन चार्ज करायची सोय नाही, तिथे वर्ग कसला भरणार?

पण सगळं खापर वादळावर फोडता येणार नाही. कोकणातलं गाव एका जागी नसतंच. भंडारवाडी, बौद्धवाडी, वर डोंगराच्या कुशीत धनगरवाडा, मध्ये पऱ्ह्या म्हणजे ओढा, नि चढण. टॉवर उभा राहतो हायवेला किंवा बाजारपेठेत, कारण गिऱ्हाईक तिथे. मग वाडीतल्या पोरांनी रेंजसाठी सडा, म्हणजे वरचं उघडं कातळाचं पठार, गाठायचा, तोही कोकणातल्या जून-जुलैच्या पावसात! प्लास्टिकचा कागद टाकून केलेल्या खोपीतून कॉलेजचे वर्ग झाले. वर्तमानपत्रांनी त्याला जिद्द म्हटलं. मला ती व्यवस्थेची नामुष्की वाटते. ही स्थिती आधीच माहीत होती. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात इंटरनेटची सोय असलेली घरं शहरांत 42 टक्के होती, तर ग्रामीण भारतात जेमतेम 15.

दुसरं कारण मनीऑर्डरच्या काळापासूनचं. कमावता माणूस मुंबईला, म्हणून घरातला बरा फोनही मुंबईला. गावी आजीकडे बटणांचा. टाळेबंदीत चाकरमानी परतले, फोन आला, पण पगार थांबला आणि रिचार्ज परवडेना. त्यांना विलगीकरणात ठेवायला अनेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळाच उघडल्या गेल्या, हा एक वेगळाच योग.

20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागू लागली. वीज आणि टीव्ही असलेल्या घरांना तिचा आधार झाला. बाकी ठिकाणी गुरुजी-बाई स्वाध्यायाचे कागद घेऊन वाड्या फिरले.

2021 मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर कोकण विभागाचा निकाल लागला 100 टक्के. लहानग्यांचा असा निकाल कुठे लागत नाही. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले 1 डिसेंबर 2021 ला. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात पहिल्यांदा बसलं, तेव्हा ते दुसरीत होतं.